हरवलेली १८० चौरस फूट जमीन

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, गणिताच्या मास्तराला रेडिओवर बोलायला सांगणं म्हणजे गवंड्याला थापीशिवाय भिंत बांधायला सांगण्यासारखं आहे. इथे फळा नाही, खडू नाही आणि समोर बसलेल्या मुलांचे चेहरेही दिसत नाहीत. म्हणून सुरुवातीलाच एक विनंती. हाताशी कागद-पेन्सिल असेल तर घेऊन बसा. मधूनमधून दोन-चार रेघा ओढाव्या लागतील.

मी वाशीम जिल्ह्यातल्या शेलूबाजारला नववी-दहावीला गणित शिकवतो. मंगरुळपीर तालुक्यातलं हे गाव. अकोल्याहून मंगरुळपीरला जाणारा आणि मालेगावहून कारंज्याकडे जाणारा असे दोन रस्ते इथे एकमेकांना छेदतात. आता समृद्धी महामार्गही गावाजवळून जातो. चौफुलीचं गाव असल्यानं आजूबाजूच्या खेड्यांतली मुलं शाळेला इथे येतात. एकाच वर्गात किराणा दुकानदाराचा मुलगा असतो, शेतमजुराची मुलगी असते, गवंड्याचा मुलगा असतो आणि शिक्षकाची मुलगीही असते. पंचावन्न मुलांच्या वर्गात दोघं-तिघं अशी, की मी उदाहरण फळ्यावर पूर्ण लिहायच्या आत त्यांचं उत्तर तयार. आणि दहा-बारा अशी, की ‘सातनवे’ म्हटलं की ओठ हलतात पण त्रेसष्ट बाहेर पडत नाही. घड्याळी तासिका मात्र सगळ्यांना एकच.

नोकरीला लागलो तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सल्ला दिला होता, “मधल्या पोराला धरून शिकवत जा. वरचे आपले आपण शिकतात, खालचे जमेल तितकं घेतात.” बरीच वर्षं मी तसंच केलं. पुढे लक्षात आलं की हा मधला पोरगा वर्गात कुठेच बसलेला नसतो. जो समीकरणं झरझर सोडवतो, तो भूमितीत आकृती काढायची म्हटलं की अडतो. जिला पाढे येत नाहीत, तिला शेकडेवारी तोंडी येते, कारण ती सुटीच्या दिवशी भाजीच्या दुकानावर बसते. हुशार आणि कच्चा हे शिक्के आपण मुलावर मारतो. खरं तर ते त्या मुलाच्या त्या दिवशीच्या त्या एका पायरीवर मारायला हवेत.

नऊशे नऊ का येतात?

आता कागद पुढे ओढा. तुम्हाला बीजगणितातलं एक सूत्र आठवत असेल. अ अधिक ब कंसाचा वर्ग, म्हणजे अ वर्ग, अधिक दोन अब, अधिक ब वर्ग. सातवीतच मुलं ते शिकतात, सुरात म्हणतात. नववीला आली की मी “समजलं का?” असं विचारायचो आणि सगळा वर्ग “हो सर” म्हणायचा. त्या “हो सर” वर मी कितीतरी वर्षं समाधानी होतो.

एकदा सहज म्हणून अर्ध्या पानाच्या चिठ्ठ्या वाटल्या आणि एकच प्रश्न घातला. तीस अधिक तीन, कंसाचा वर्ग किती? नावं लिहायची नाहीत. चिठ्ठ्या घरी नेऊन पाहिल्या तर निम्म्या मुलांनी लिहिलं होतं ९०९. तीसचा वर्ग नऊशे, तीनचा वर्ग नऊ, झाले नऊशे नऊ.

पहिली प्रतिक्रिया रागाची होती. सूत्र पाठ नाही, अभ्यास नाही. दुसऱ्या दिवशी सूत्र दहादा लिहायला लावलं. आठ दिवसांनी तसाच दुसरा प्रश्न घातला, पुन्हा तीच चूक. मग मात्र स्वस्थ बसून विचार केला. इतकी मुलं एकाच तऱ्हेनं चुकतात, तेव्हा ती बेफिकिरीनं चुकत नसतात. त्यामागे काहीतरी विचार असतो. तो असा. दुपटीच्या बाबतीत मुलांचं म्हणणं बरोबरच असतं. तीस अधिक तीन यांची दुप्पट म्हणजे साठ अधिक सहा. दुप्पट आत वाटली जाते, मग वर्ग का वाटला जाऊ नये? चूक आहे, पण वेडगळ नाही. अशा चुकीवर सूत्र दहादा लिहून घेणं म्हणजे पाय मुरगळलेल्याला औषध म्हणून पळायला लावणं.

मग मी गुंठ्याकडे वळलो. आमच्या भागात सातबाऱ्यावर जमीन हेक्टर-आरमध्ये लिहिलेली असली, तरी बोलण्यात एकर आणि गुंठेच येतात. चाळीस गुंठ्यांचा एकर, आणि गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद जागा. एवढं वर्गातल्या बहुतेकांना घरून ठाऊक असतं.

कागदावर एक चौरस काढा. हा आपला गुंठा. वरच्या बाजूचे दोन भाग करा, मोठा ३० फुटांचा आणि छोटा ३ फुटांचा. डाव्या बाजूचेही तसेच करा. आता त्या खुणांवरून एक उभी आणि एक आडवी रेघ ओढा. चौरसाचे चार तुकडे झाले. मोठा चौरस तीस बाय तीस, म्हणजे ९०० चौरस फूट. कोपऱ्यातला चिमुकला चौरस तीन बाय तीन, म्हणजे ९. मुलांनी हेच दोन धरले होते. पण कडेच्या दोन लांबोळक्या पट्ट्या पाहा. प्रत्येक पट्टी तीस बाय तीन, म्हणजे ९०. दोन्ही मिळून १८०. नऊशे, एकशे ऐंशी आणि नऊ, एकूण १०८९ चौरस फूट. तेच गुंठ्याचं खरं क्षेत्रफळ.

वर्गात मी एवढंच विचारलं, “ज्यानं ९०९ लिहिलं, त्यानं कोणती जमीन सोडून दिली?” शेवटच्या बाकावरून आवाज आला, “सर, धुऱ्याकडच्या दोन पट्ट्या गेल्या ना जी.” मग एकानं हिशेब केला की एकरामागे चाळीस वेळा एकशे ऐंशी, म्हणजे ७२०० चौरस फूट गेले. वावराच्या धुऱ्यावरून भाऊ-भाऊ कोर्टात गेलेले त्या मुलांनी पाहिलेले आहेत. ‘दोन अब’ विसरणं म्हणजे काय, हे त्यांना आता दहादा सांगावं लागत नाही.

तो तास संपल्यावर जाणवलं, की ही आकृती सगळ्यांच्या उपयोगाची होती. ज्याला अक्षरांची भीती वाटते त्यानं आकड्यांचा गुंठा मोजला. ज्याला ते जमलं त्यानं आकड्यांच्या जागी अ आणि ब घातले. आणि जी मुलगी नेहमी सगळ्यांच्या पुढे असते तिनं विचारलं, “सर, घनाचं असंच काढता येईल का? तुकडे किती होतील?” मी तिला साबणाची वडी कापून बघायला सांगितलं. आठ तुकडे होतात, तेही श्रोत्यांनी वेळ मिळेल तेव्हा करून पाहावं.

उधारी माफ झाली की

दुसरा अडता प्रश्न ऋण संख्यांचा. उणे गुणिले उणे, उत्तर अधिक. का? “नियम आहे” असं सांगून मी अनेक वर्षं वेळ मारून नेली.

खरं म्हणजे उत्तर आपल्या शब्दांतच आहे. आपण धन संख्या आणि ऋण संख्या म्हणतो. ब्रह्मगुप्तानं इसवी सन ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धांत’ लिहिला, त्यात या संख्यांचे नियम संपत्ती आणि कर्ज याच भाषेत मांडलेले आहेत. आपली मुलं तेच शब्द वापरतात, पण त्यातलं ऋण म्हणजे घरचं कर्ज, हे त्यांना कुणी दाखवून दिलेलं नसतं.

किराणा दुकानातल्या वहीत तुमच्या नावावर पन्नास-पन्नास रुपयांच्या उधारीच्या नोंदी आहेत असं समजा. प्रत्येक नोंद म्हणजे उणे ५०. आणखी तीन नोंदी चढल्या तर तीन गुणिले उणे ५०, म्हणजे तुम्ही दीडशेनं खाली गेलात. आता दुकानदारानं खूश होऊन तीन नोंदी खोडल्या. खोडणं म्हणजे उणे तीन वेळा. उणे तीन गुणिले उणे पन्नास. तुमची स्थिती दीडशेनं सुधारली. अधिक १५०.

पुष्कळ मुलांना एवढं पुरतं, सगळ्यांना नाही. एकानं मला गाठलं, “सर, पण दुकानदार कायले खोडीन उधारी?” वर्ग हसला. प्रश्न मात्र रास्त होता. गोष्टीवर ज्याचा विश्वास बसत नाही त्याला दुसरी वाट हवी. त्याला मी एकाखाली एक लिहायला लावलं. तीन गुणिले उणे पन्नास, उणे दीडशे. दोन गुणिले उणे पन्नास, उणे शंभर. एक गुणिले, उणे पन्नास. शून्य गुणिले, शून्य. दर पायरीला उत्तर पन्नासनं वाढतंय. आता पुढची पायरी उणे एक. क्रम मोडायचा नसेल तर उत्तर अधिक पन्नासच यायला हवं. त्यानं ते स्वतः लिहिलं आणि मग मान्य केलं.

सांगायचं असं, की एक समजावणी पुरत नाही. निदान दोन लागतात, आणि त्या एकमेकींपासून वेगळ्या असाव्या लागतात. तेच वाक्य मोठ्या आवाजात आणि हळूहळू पुन्हा सांगितलं म्हणजे ती दुसरी समजावणी होत नाही.

शब्द अडवतात

कधीकधी गणित अडत नाही, शब्द अडतो. २०१९ च्या जूनमध्ये दुसरीच्या बालभारतीच्या पुस्तकावरून मोठा वाद झाला होता, तो आठवत असेल. एकवीस या नेहमीच्या वाचनाच्या जोडीला ‘वीस एक’ असंही वाचन त्यात दिलं होतं. मंगला नारळीकर तेव्हा गणित विषयाच्या समितीच्या प्रमुख होत्या. चेष्टा पुष्कळ झाली. त्या वादात कोण बरोबर हे मी सांगत नाही. पण नववीच्या वर्गात ‘त्रेसष्ट’ असं तोंडी सांगितलं की ३६ लिहिणारी मुलं मी पाहिली आहेत. कारण साधं आहे. आपण बोलतो तेव्हा तीन आधी येतात आणि साठ नंतर. लिहिताना उलट. ज्याची ही गाठ लहानपणी सुटली नाही, तो दहावीत समीकरण बरोबर मांडूनही उत्तर चुकवतो, आणि आपण म्हणतो त्याला बीजगणित येत नाही.

याच भाषेचा फायदाही करून घेता येतो. एकोणसाठ म्हणजे साठाला एक उणा. मग एकोणसाठ साते किती? साठ साते चारशे वीस, त्यातून सात गेले, चारशे तेरा. शब्दच रीत सांगतो. पाढे कच्चे असलेल्या मुलांना हे दाखवलं की त्यांचा चेहरा उजळतो.

भूमितीत एकरूप आणि समरूप हे दोन शब्द असेच घोटाळ्यात टाकतात. मी मुलांना त्यांचा शाळेच्या फॉर्मवरचा फोटो आठवायला सांगतो. त्याच फोटोच्या दोन प्रती म्हणजे एकरूप. एकीवर दुसरी ठेवली की तंतोतंत बसते. आणि तोच फोटो मोठा करून भिंतीवर लावला तर तो समरूप. आकार तोच, मापं वेगळी, पण सगळी मापं एकाच पटीत वाढलेली. नाक दुप्पट आणि कान तिप्पट झाले तर ते समरूप नव्हे, व्यंगचित्र. मग मैदानावर जाऊन एक मीटरची काठी उभी करतो, तिची सावली मोजतो, त्याच वेळी कडुनिंबाची सावली मोजतो. काठीची सावली ८० सेंटिमीटर आणि झाडाची ६ मीटर भरली, तर झाडाची उंची किती? सहाला शून्य दशांश आठनं भागा. साडेसात मीटर. इथे टेप धरणाराही लागतो, लिहिणाराही लागतो आणि हे असं का होतं ते सांगणाराही लागतो. कुणी रिकामं राहत नाही.

पडीत

आता माझी एक चूक सांगतो. सुरुवातीच्या काळात मी वर्गाचे तीन भाग केले होते. पुढे हुशार, मध्ये बरे, मागे कच्चे. तिघांना वेगवेगळी उदाहरणं. कागदावर योजना उत्तम दिसत होती. महिनाभरात मुलांनीच मागच्या बाकांना नाव ठेवलं, ‘पडीत’. पडीत वावर असतं ना, ज्यात कुणी पेरत नाही, ते. मी ऐकलं आणि हसलो. हसायला नको होतं. मागच्या मुलांना मी सोपी सोपी गणितं देत होतो, आणि ती वर्षअखेरपर्यंत सोपीच राहिली. त्या बाकांवरचा एक मुलगा दिवाळीनंतर शाळेत आला नाही. कापूस वेचणीचे दिवस होते, घरी गरज असेल, असं म्हणून मी हजेरीपटावर रेघ ओढली.

पुष्कळ वर्षांनी मी घर बांधायला काढलं. एका खोलीची आखणी करायला जो मिस्त्री आला तो तोच मुलगा. खोली नऊ बाय बारा फुटांची. त्यानं चार कोपऱ्यांना खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली आणि मग एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपं माप घेतलं. पंधरा फूट. दुसरं तिरपं माप घेतलं. तेही पंधरा. म्हणाला, “सर, दोन्ही तिरपे सारखे आले की खोली गुण्यात. नऊ-बाराले पंधराच यायला पायजे.”

आयताचे कर्ण समान असतात, हे मी फळ्यावर लिहीत आलो. नऊचा वर्ग ८१, बाराचा १४४, बेरीज २२५, म्हणजे पंधराचा वर्ग, हा पायथागोरसचा सिद्धांतही शिकवत आलो. या मुलाला ते येत नाही असं मी ठरवून टाकलं होतं. कुणास ठाऊक, मी त्याला तेव्हा दोरी आणि खुंट्या दिल्या असत्या तर काय झालं असतं. मी त्याला पुन्हा शाळेत आणू शकत नव्हतो. त्याची मुलगी आता आमच्याच शाळेत आहे.

दार सखल, छत उंच

त्यानंतर मी तुकड्या पाडणं सोडून दिलं. आता सगळ्यांना एकच प्रश्न देतो, पण असा, की ज्याच्या दारातून सगळ्यांना आत शिरता येईल आणि आत गेल्यावर कुणाचंही डोकं छताला लागणार नाही. असे प्रश्न कसे असतात, हे आपल्याच महाराष्ट्रातल्या एका शाळामास्तरांनी दाखवलेलं आहे. नाशिकजवळच्या देवळालीचे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, मृत्यू १९८६. आयुष्यभर शाळेत शिकवलं आणि संख्यांशी खेळत राहिले. १९४९ मध्ये त्यांनी जगापुढे ठेवलेली ६१७४ ही संख्या आज त्यांच्याच नावानं ओळखली जाते.

कोणतीही चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे मात्र नकोत. समजा ३५२४. अंक मोठ्याकडून लहानाकडे लिहा, ५४३२. आता उलट लिहा, २३४५. वजाबाकी करा, ३०८७. याच्याशी पुन्हा तेच. ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. पुन्हा. ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आणखी एकदा करून पाहा, पुन्हा ६१७४. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही इथेच पोचता.

हा खेळ वर्गात दिला की हातच्याची वजाबाकी कच्ची असलेली मुलं अर्ध्या तासात पंधरा वजाबाक्या करतात, आणि हातच्यात सतत चुकत राहिलं तर त्यांचं त्यांनाच कळतं, कारण गाडी ६१७४ वर येऊन थांबत नाही. मला तपासावं लागत नाही. ज्यांचं लवकर होतं त्यांना मी आणखी वजाबाक्या देत नाही. त्यांना विचारतो, प्रत्येक उत्तराला नऊनं नि:शेष भाग का जातो? आधी दोन अंकांवर पाहा. ७३ वजा ३७, आले ३६. दशकस्थानी अ आणि एककस्थानी ब धरला तर संख्या झाली दहा अ अधिक ब. उलटी संख्या दहा ब अधिक अ. वजाबाकी नऊ अ वजा नऊ ब, म्हणजे अ आणि ब यांच्या फरकाची नऊपट. दहावीच्या पुस्तकात ‘दोन अंकी संख्येतील अंकांची अदलाबदल केली असता’ असं जे उदाहरण असतं, ज्याला मुलं घाबरतात, त्याची मांडणी इथे खेळता खेळता हाती येते.

कुणी म्हणेल, अभ्यासक्रम कधी पुरा करायचा? प्रश्न खरा आहे. दहावीला गणित भाग १ आणि भाग २ असे चाळीस-चाळीस गुणांचे दोन पेपर. मध्यंतरी सामान्य गणिताचा सोपा पर्याय होता, तो नव्या अभ्यासक्रमाबरोबर बंद झाला आणि सगळी मुलं पुन्हा एकाच पेपरला बसू लागली. रोज सावली मोजायला नेता येत नाही. पण दर प्रकरणात एक तास असा दिला, तर पुढचे चार तास वाचतात, हा माझा अनुभव आहे. बाकीचं काम साधंच आहे. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत आकडे मोजेस्तोवर गप्प राहायचं, म्हणजे पहिला हात वर करणाराच नेहमी उत्तर देत नाही. “समजलं का?” विचारायचं नाही, “पुढची ओळ काय येईल?” विचारायचं. चुकलेलं उत्तर फळ्यावर घ्यायचं, नाव न सांगता, आणि या उत्तरामागे काय विचार असेल ते वर्गालाच शोधायला सांगायचं. पेपरातही एक-एक पायरी नीट लिहिली तर तिचे गुण मिळतात, हे कच्च्या मुलाला वारंवार सांगायचं, म्हणजे तो कोरं पान देत नाही.

पालकांनाही एक सांगणं आहे. “आमच्या घराण्यातच गणित नाही” असं मुलादेखत म्हणू नका. बियाण्याच्या पिशवीचा, मजुरीचा, अडत्याच्या पट्टीचा हिशेब तुम्ही करताच. तो करताना मुलाला शेजारी बसवा. त्यानं चूक केली तर लगेच दुरुस्त करू नका, “हे कसं आलं?” एवढंच विचारा.

त्या अर्ध्या पानाच्या चिठ्ठ्या मी अजूनही दर शनिवारी वाटतो. नाव लिहायचं नाही, एकच प्रश्न. मागच्या वेळी तीन मुलांनी ९०९ च्या जातीची चूक केली होती. ती कोण हे मला ठाऊक नाही, म्हणून सोमवारी फळ्यावर पुन्हा गुंठा काढणार आहे.